अपयशाला पायरी म्हणू नका!

‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ हे वाक्य ज्याने कुणी प्रथम फळ्यावर लिहिले, त्याने नापास मुलाचा चेहरा पाहिला नसावा. मी पाहिला आहे, आणि तरीही तीस वर्षे हेच वाक्य लिहीत आलो आहे. तेव्हा पहिला आरोपी मीच.

आमच्या गल्लीतला एक मुलगा पी.यू.सी.ला दुसऱ्यांदा नापास झाला. ‘सर, चार शब्द सांगा’ म्हणून आईने त्याला माझ्याकडे धाडले. मी केशवसुत सांगितले. मॅट्रिक व्हायलाच १८८९ साल उजाडले, पुढे पोटासाठी ठिकठिकाणी मास्तरकी, हयातीत एकही संग्रह नाही. पण १९१७ मध्ये कवितांचे पुस्तक निघाले आणि आज आधुनिक मराठी कविता त्यांच्यापासून मोजतात!

पोराने विचारले, “सर, ते वारले कधी?”

“१९०५ साली. इथेच, हुबळीत, प्लेगने.”

तो चहा अर्धा टाकून उठला.

त्याचे काय चुकले? धारवाडच्या शाळेत शिकवणाऱ्या त्या माणसाला १९१७ साल ठाऊक नव्हते. त्यांचे यश आपल्याला दिसते, त्यांना दिसले नाही. आपण व्याख्यानमालांतून थोरांच्या दुःखाला मागाहून यशाचे शेपूट चिकटवतो आणि त्याला साहित्याचा संस्कार म्हणतो. हा संस्कार नव्हे, ही फसवणूक आहे!

‘मग काय, पोरांना रडत बसायला सांगायचे?’ असे कुणी विचारील. नाही. त्यांच्या हाती पुस्तक द्यावे आणि आपण गप्प बसावे. ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर बापाचा पैसा उधळून, पदवीविना पुण्याहून गावी परततो. ‘पण नेमाड्यांना २०१४ चे ज्ञानपीठ मिळाले ना!’ मिळाले, नेमाड्यांना मिळाले, सांगवीकराला नव्हे. आणि नापास पोराचे नाते सांगवीकराशी असते.

माझेच सांगतो. माझ्या कपाटात एका कादंबरीचे बाड बावीस वर्षे पडून आहे. प्रकाशकाकडून साभार परत येईल, या भीतीने कधी धाडलेच नाही. यशस्वी लेखकांची चरित्रे वाचून ही भीती कमी झाली नाही, उलट वाढली. तिला थोडा उतार पडला तो हरलेल्या माणसांच्या कथा वाचून. आपल्या भित्रेपणालाही कुणी शब्द दिले आहेत, एवढे कळले तरी माणूस दोन घास जेवतो.

पुढे त्या मुलाला मी ‘कोसला’ दिली. उपदेश केला नाही. आठ दिवसांनी पुस्तक परत आणून म्हणाला, “सर, हा पण गावाकडं परत येतोय की!”

“येतो,” मी म्हणालो.

त्या दिवशी तो तासभर बसला. तेव्हा व्याख्यात्यांनो, पोरांना पायऱ्या दाखवणे थांबवा. आधी त्यांच्याशेजारी बसा.