रस्त्यातील खड्डा व गाडीचा पंचनामा

भाताचे पीक पावसाने आडवे पडले म्हणजे तलाठी येतो, पंचनामा होतो व नुकसानीचा आकडा कागदावर चढतो. तोच भात किंवा फुले, भाजी घेऊन गुलटेकडीच्या बाजारास निघालेली गाडी वाटेत खड्ड्यात आदळून तिचे चाक वाकले, तर तिचा पंचनामा करण्यास कोणी येत नाही. आणि मालकासही तो व्हावा असे वाटत नाही. ‘यंदा पाऊसच फार’ असे म्हणून तो मेकॅनिकचे बिल चुकते करतो व गप्प बसतो. महसूल खात्यात कारकुनी करण्यात आमचे आयुष्य गेले म्हणून म्हणा, ज्याची नोंद नाही ते नुकसान सरकारदरबारी झालेच नाही, हे आम्ही पक्के जाणून आहो. मुळशीच्या खातेदारांनी आपल्या गाड्यांच्या नुकसानीची नोंद ठेवावी, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

पाऊस फार, हे खरे. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणी घाटात एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. परंतु एकटा पाऊस रस्ता फोडीत नाही. डांबरास बारीक तडा जातो, कडेचे गटार बुजलेले असल्याने पाणी तेथेच तुंबते, तड्यातून ते खडीच्या थरात व खालच्या मातीत मुरते. मग वरून जड चाक गेले की मऊ झालेली माती चिखल होऊन वर उसळते, खाली पोकळी पडते आणि डांबराचा पापुद्रा आत बसतो. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर मोठी चाचणी घेण्यात आली. आसावरचा भार दुप्पट केल्यास रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते, असा हिशेब तीवरून निघाला. पिरंगुटचे कारखाने व हिंजवडीच्या इमारती यांसाठी खडी-सिमेंट वाहणारे डंपर ज्या रस्त्याने जातात, त्या रस्त्यास आपल्या मोटारींनी अशी कितीशी इजा केली असेल? तरी चाकाचे पैसे आपणच भरतो.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. बांध पुढे सरकवून रस्त्याकडेचे गटार आपल्या शेतात घेणारे, आणि पाइप नेण्यासाठी रस्ता आडवा खणून तो नुसत्या मातीने बुजविणारे, हे आपलेच बांधव आहेत. अशांनी खड्ड्याबद्दल ओरड करू नये, हे बरे.

आता गाडीविषयी. खड्डा टळण्याजोगा नसेल तर ब्रेक त्याच्या आधी दाबावा व चाक आत जाण्यापूर्वी सोडावा. दाबलेल्या ब्रेकाने गाडीचे तोंड खाली झुकते व स्प्रिंग दबलेली असतानाच धक्का बसतो. टायरात हवा कमी असेल तर रिंग वाकण्याचे भय अधिक. आदळल्यानंतर टायरच्या कुशीला फुगा दिसला तर आतील धागे तुटले असे समजावे व तो टायर काढावा. असा टायर घेऊन घाट उतरणे म्हणजे जिवाशी खेळ होय. गाडी एका बाजूस ओढू लागली तर अलाइनमेंट तपासून घ्यावे, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत नवा टायरही एका कडेने खाऊन जातो. सर्वांत घातक म्हणजे इंजिनाखालचे ऑइल चेंबर फुटणे. ऑइलचा लाल दिवा लागताच इंजिन बंद करावे आणि गाडी ओढून न्यावी. ‘गॅरेजपर्यंत तेवढी नेऊ’ म्हणून तशीच चालविली तर इंजिन जाम होते; आणि हे पुढचे नुकसान मालकाच्या हलगर्जीपणाचे, असे म्हणून विमा कंपनी त्याचे पैसे बहुधा नाकारते.

विम्याचेही नीट समजून घ्यावे. केवळ तिसऱ्या पक्षाचा विमा असेल तर स्वतःच्या गाडीस त्यातून छदामही मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी नुसता टायर फाटल्यास साधारणतः काही मिळत नाही. गाडीस अन्य इजा झाली असेल तरच टायरची निम्मी किंमत मिळते. शिवाय एकदा दावा केला की दावा न केल्याबद्दलची सूट बुडते, आणि ती पाच वर्षांत पन्नास टक्क्यांपर्यंत चढलेली असते. म्हणून लहान बिलासाठी दावा करू नये, हा आमचा सल्ला.

मग रस्ता ज्यांच्या ताब्यात, त्यांची जबाबदारी काय? १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू आल्यास सहा लाख रुपये व दुखापतीस पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई ठरविली, आणि ती दोषी अधिकारी व ठेकेदार यांच्याकडून वसूल करण्यास सांगितले. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जे कलम घातले, त्यातही सदोष रस्त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तरच एक लाखापर्यंत दंड आहे. मनुष्याच्या जिवाची किंमत आधी, यात वाद नाही. परंतु मोडलेल्या गाडीचा उल्लेख या दोहोंतही नाही, आणि आमच्या मते ही उणीव आहे. भाजीची गाडी पहाटे वाटेत बंद पडली तर त्या दिवसाचा बाजारच बुडतो.

ही उणीव भरून निघेपर्यंत कागद आपल्या हाती असावा. खड्ड्याचे व गाडीचे छायाचित्र, तारीख, वेळ, जवळचा किलोमीटरचा दगड, गॅरेजचे बिल, एवढे पुरे. त्यानंतर रस्ता कोणाचा, हे शोधावे. पुण्याहून पौड, ताम्हिणीवरून माणगावकडे जाणारा मार्ग राष्ट्रीय महामार्ग आहे. आतले ग्रामरस्ते जिल्हा परिषदेकडे. मधले काही सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. चुकीच्या कचेरीत दिलेला अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहतो, हे आम्ही टेबलाच्या पलीकडे बसून पाहिले आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील रस्ता असेल तर तो पाच वर्षे राखण्याचे काम ठेकेदाराच्या करारातच असते. अन्य रस्त्यांचा करार माहितीच्या अधिकारात मागता येतो. दहा गाड्यांची दहा बिले एकत्र जोडून एकच अर्ज करावा, त्याची पोच घ्यावी, आणि पावसाळा संपल्यावर नव्हे, वैशाखातील ग्रामसभेतच गटारे उपसण्याचा ठराव लिहून घ्यावा.