टू-इन-वन यंत्राची निवड : दुकानातला उजेड आणि कपाशीतले ऊन

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबला आणि कृषी विज्ञान केंद्रे, तालुका कार्यालये व शेतकरी उत्पादक कंपन्यांतील कितीतरी संगणक चालू स्थितीत असूनही कालबाह्य ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लागते आणि इंटेलचा असल्यास साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील प्रोसेसर लागतो. दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रांत तो नाही. त्यामुळे नव्या खरेदीची मागणीपत्रे निघू लागली आणि त्यांत एक शब्द वारंवार दिसू लागला : टू-इन-वन. कळफलक काढला की टॅबलेट, जोडला की लॅपटॉप. शेतात तोच, कार्यालयातही तोच. तीस-चाळीस हजारांच्या मर्यादेत दोन यंत्रांचे काम होणार असेल तर ते कोणाला नको आहे?

संकर या शब्दाचे आकर्षण कृषी क्षेत्राला समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र संकरित वाणात जोम येतो तो पारखून घेतलेल्या जनकांमुळे. स्वस्त टू-इन-वन यंत्रांत बहुधा उलट घडते. टॅबलेटचा अपुरा साठा आणि लॅपटॉपचे वजन, हे दोन्ही दोष एकाच पेटीत येतात. म्हणून ‘कोणते यंत्र घ्यावे’ या प्रश्नाआधी ‘ते कोणाच्या हातात आणि कुठे उघडले जाणार’ हे ठरवणे आवश्यक आहे.

कपाशीतील रसशोषक किडींचे सर्वेक्षण डोळ्यांपुढे आणावे. निवडलेल्या प्रत्येक झाडाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातील एकेक पान उलटून तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी मोजायची असते. पान उलटायला एक हात लागतो. उरलेल्या एका हातात जे यंत्र राहते तेच शेतातले यंत्र. ३६० अंशांत वळणाऱ्या बिजागरीचा लॅपटॉप साधारण दीड किलोचा असतो. तो पाठीमागे दुमडून त्याला टॅबलेट म्हटले तरी दहाव्या झाडापर्यंत मनगट तक्रार करू लागते. कळफलक पूर्ण सुटा होणारे यंत्र त्या मानाने हलके असते. पण त्यालाही मागच्या टेकूवर उभे राहण्यासाठी सपाट जागा हवी. बांधावर, मांडीवर किंवा मोटारसायकलच्या आसनावर ती मिळत नाही, आणि यंत्र मागे कोलमडते.

दुसरी अडचण उजेडाची. दुकानात लखलखीत दिसणारा २५० निट्सचा पडदा दुपारच्या उन्हात आरशासारखा होतो. त्यात आकडे दिसण्याऐवजी स्वतःचा चेहरा दिसतो. चारशे किंवा त्याहून अधिक निट्सचा, शक्यतो चकाकीविरहित पडदा असेल तर सावलीत उभे राहून काम निभावते. पडद्याच्या प्रखरतेचा आकडा जाहिरातीत नसेल तर तो सांगण्याजोगा नाही असे समजण्यास हरकत नसावी. खरेदीपूर्वी यंत्र दुकानाबाहेर, भर दुपारी दोन मिनिटे उघडून पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे. ओल्या किंवा चिखलाने माखलेल्या बोटांना स्पर्श-पडदा नीट प्रतिसाद देत नाही, हेही खरिपातील कामाचा विचार करता ध्यानात ठेवावे. कागदी नोंदवही आणि पेन्सिल हेच अजूनही उन्हात सर्वांत स्पष्ट दिसणारे साधन आहे, हे मान्य करण्यात संकोच नसावा.

कॅमेऱ्याचा मोह तर टाळलेलाच बरा. फुलकिडा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. स्वस्त टू-इन-वनचा मागचा कॅमेरा कागदपत्रे टिपण्यापुरता असतो, जवळच्या वस्तूवर तो स्थिरावत नाही. खिशातला साधा स्मार्टफोन आणि त्यावर चिमट्याने बसणारे भिंग यांतून मिळणारे छायाचित्र कीड ओळखण्यासाठी बहुधा अधिक उपयोगी पडते. शिवाय केवळ वायफाय असलेल्या अनेक यंत्रांत जीपीएस नसते. ज्या छायाचित्रासोबत स्थळाचे अक्षांश-रेखांश जात नाहीत, त्याचे मोल कीड सर्वेक्षणात निम्म्यावर येते.

प्रणालीची निवड याहून निर्णायक आहे, आणि नेमकी तीच मागणीपत्रात मोघम लिहिली जाते. १५ ऑगस्ट २०२४ पासून सुरू झालेली राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली असो वा राज्यांच्या स्वतःच्या नोंदणी व्यवस्था, शेतातील कामाची अ‍ॅप्स प्रामुख्याने अँड्रॉइडसाठी घडवली जातात. विंडोज ११ वर अँड्रॉइड अ‍ॅप चालवण्याची मायक्रोसॉफ्टची स्वतःची सोय ५ मार्च २०२५ रोजी बंद झाली. म्हणजे ‘विंडोज टॅबलेट घेतला की अ‍ॅपही चालेल’ ही समजूत आता सोडून द्यावी लागेल. उलट अँड्रॉइड टॅबलेटला कळफलक जोडला तरी मोठ्या एक्सेल तक्त्यांवर सूत्रे चालवणे, जुन्या सूक्ष्मदर्शक-कॅमेऱ्याचे किंवा माती परीक्षण यंत्राचे सॉफ्टवेअर उघडणे ही कामे त्यावर होत नाहीत. एआरएम प्रोसेसरवर चालणाऱ्या विंडोज यंत्रांतही अशा जुन्या उपकरणांचे ड्रायव्हर अडतात. किंमत आणि बॅटरीचे तास पाहून ती निवडण्यापूर्वी जोडायचे उपकरण सोबत नेऊन पाहावे.

यातून निघणारा निष्कर्ष मागणीपत्रांतील प्रचलित शब्दाला फारसा अनुकूल नाही. ज्याचे काम मुख्यतः शेतात नोंदी घेणे आणि शेतकऱ्यांना किडीची अवस्था, चित्रफीत वा सल्ला दाखवणे हे आहे, त्याला जीपीएस व सिमकार्डाची सोय असलेला अँड्रॉइड टॅबलेट आणि एक साधा ब्लूटूथ कळफलक पुरेसा आहे. ज्याला विश्लेषण आणि अहवाल करायचे आहेत, त्याने त्याच पैशांत साधा लॅपटॉप घ्यावा आणि शेतात फोन वापरावा. टू-इन-वन खऱ्या अर्थाने शोभते ते एका मधल्या व्यक्तीला : जी सकाळी कामगंध सापळ्यांतील पतंग मोजते, दुपारी गटसभेत दहा-बारा जणांना तक्ता दाखवते आणि संध्याकाळी त्याच आकड्यांवरून सल्ला लिहिते. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग ही गुलाबी बोंडअळीची आर्थिक नुकसान पातळी गाठली गेली आहे की नाही, हे त्याच दिवशी कळण्याला अर्थ आहे. अशा व्यक्तीसाठी चांगले टू-इन-वन घेण्यात उधळपट्टी नाही. पण ते चांगलेच घ्यावे लागते.

चांगले म्हणजे किती? विंडोज ११ साठी ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठा हे कंपनीचे किमान निकष आहेत. किमान उगवणक्षमतेच्या बियाण्याकडून विक्रमी उत्पादनाची अपेक्षा कोणी करत नाही, तसेच हे आहे. यंत्र सुरू होते, आणि पहिल्या दोन मोठ्या अपडेटनंतर साठा भरून रडतखडत चालते. अशा यंत्रांत साठ्यासाठी बहुधा ईएमएमसी चिप असते. ती एसएसडीपेक्षा मंद असते आणि मदरबोर्डावरच डाखलेली असल्याने पुढे बदलता येत नाही. मेमरीचेही पुष्कळदा तसेच. म्हणून पहिल्याच दिवशी ८ जीबी मेमरी आणि २५६ जीबी एसएसडी असलेले यंत्र घ्यावे. हे अंदाजपत्रकात बसत नसेल तर टू-इन-वनचा आग्रह सोडावा, निकष सोडू नयेत. कळफलक, लेखणी आणि आवरण यांची किंमत अनेकदा वेगळी असते. तीही आधी बेरजेत धरावी.

सरकारी खरेदीत हा मुद्दा अधिक बोचरा होतो. जेम पोर्टलवर सर्वांत कमी दराची बोली जिंकते. त्यामुळे विनिर्देशात ‘टच स्क्रीन, टू-इन-वन’ इतकेच लिहिले तर नेमके ४ जीबीचे यंत्र हाती येते आणि दोष पुरवठादाराचा नसतो. साठ्याचा प्रकार, मेमरी, पडद्याची प्रखरता, कळफलकाचा समावेश आणि जागेवर मिळणारी तीन वर्षांची हमी हे शब्द विनिर्देश लिहिणाऱ्यानेच घालायचे असतात. टाइप-सी पॉवर डिलिव्हरीने चार्ज होण्याची अटही घालावी. वीज जाते तेव्हा योग्य क्षमतेच्या पॉवर बँकेवर वा गाडीतील चार्जरवर यंत्र चालते, बारीक गोल पिनच्या खास चार्जरवर अडून राहत नाही. पंखा नसलेली यंत्रे विदर्भ-मराठवाड्याच्या किंवा राजस्थानच्या मे महिन्यात तापून मंदावतात, हेही जाणून असावे.

आता जुन्या संगणकाविषयी, कारण खरी जोखीम तिथे आहे. नवे यंत्र चुकले तर पैसे जातील; जुन्यातील दहा हंगामांच्या सापळ्यांच्या नोंदी गेल्या तर त्या कोणत्याही बोलीत परत विकत मिळणार नाहीत. कृषी विद्यापीठांच्या परिसरात वर्षानुवर्षे चाललेला एमस्टॅट-सी सारखा डॉस काळातील सांख्यिकी प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाही, आणि विंडोज ११ तर केवळ ६४ बिटच आहे. डॉसबॉक्स वापरून तो उघडता येतो, पण त्यापेक्षा मूळ आकडे साध्या सीएसव्ही स्वरूपात काढून ठेवणे हिताचे. जुन्या बिगर-युनिकोड मराठी फाँटमधील सल्लापत्रके नव्या यंत्रावर निरर्थक रोमन अक्षरांसारखी दिसतात. फाँट आणि परिवर्तकाचे सॉफ्टवेअर जुन्या संगणकावर अजून जिवंत असेपर्यंतच ती युनिकोडमध्ये आणावीत. प्रती दोन कराव्यात आणि त्यांतील एक त्या कार्यालयाबाहेर ठेवावी.

हे झाल्यावरही जुना संगणक लगेच भंगारात काढण्याची घाई नको. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून त्यावर लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली घातली, तर नोंदी भरणे, टंकलेखन आणि छपाई यांसाठी तो आणखी काही वर्षे चालतो. कित्येक ठिकाणी नव्या खरेदीची गरजच त्यामुळे पुढे ढकलली जाते. अखेर काढायचाच झाला तर तो ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावा, आणि देण्यापूर्वी जुनी हार्ड डिस्क बाहेर काढून कार्यालयातच ठेवावी. तिच्यात लाभार्थी शेतकऱ्यांची नावे, आधार क्रमांक आणि बँक खाती असतात. फाइल ‘डिलीट’ केल्याने ती पुसली जात नाहीत.