मागचं दार उघडं ठेवून

कारखान्याचे सगळे व्यवहार एकत्र नोंदणारं ईआरपी सॉफ्टवेअर सुरू झालं की आपल्याकडे सर्व्हरला हार घालतात, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. अशा वेळी मी स्टोअरवाल्याला हळूच विचारतो, ‘खरा स्टॉक कुठे आहे?’ तो एक्सेलची फाइल उघडतो. कोट्यवधींचं सॉफ्टवेअर दर्शनासाठी आणि कारखाना चालतो त्या फाइलीवर!

मी अंतर्गत लेखापरीक्षण करतो, म्हणून स्पष्ट सांगतो: या यंत्रणा आपण घेतो त्या कारकुनावर पाळत ठेवायला. मालकाला शिस्त लागलेली कोणालाच नको असते. खरं तर रचना साधी आहे. ट्रकमधून माल उतरला की जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, पडते, त्याच क्षणी स्टॉक वाढतो, पुरवठादाराचं देणं उभं राहतं. ऑर्डर, जीआरएन आणि बिल जुळल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. व्यवहार नोंदला जाईल तर पुरता, नाहीतर मुळीच नाही. आमच्याकडे मात्र शेठचा फोन येतो, माल थेट लाइनवर जातो आणि खरेदीची ऑर्डर आठवड्याने, मागच्या तारखेने बनते. मग स्टॉक निगेटिव्ह दिसला की ‘सॉफ्टवेअर बोगस आहे’ म्हणायला सगळे मोकळे.

हे फक्त चाकणच्या शेडमध्ये चालतं असं समजू नका. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतून हिरे व्यापारी नीरव मोदीच्या कंपन्यांसाठी हमीचे संदेश स्विफ्ट या बँकांच्या संदेशयंत्रणेवरून परदेशी जात राहिले आणि कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशेबयंत्रणेत, त्यांची एंट्रीच नव्हती, कारण दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. फेब्रुवारी २०१८मध्ये घोटाळ्याचा अकरा हजार कोटींच्या वरचा आकडा बाहेर आला. रिझर्व्ह बँक म्हणाली, स्विफ्टच्या गैरवापराबद्दल आम्ही ऑगस्ट २०१६पासून किमान तीनदा बँकांना सावध केलं होतं. जोडणीचं काम कोणाला कठीण वाटलं की गैरसोयीचं, हा प्रश्न मला तांत्रिक वाटत नाही.

पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेची कथा तर याहून निर्लज्ज. पोलिसांच्या फिर्यादीनुसार ४४ कर्जखाती झाकायला २१,०४९ बनावट खाती उभी केली गेली. ती कोअर बँकिंगमध्ये नव्हतीच. होती रिझर्व्ह बँकेला दाखवायच्या यादीत. सप्टेंबर २०१९मध्ये निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला काढायला मिळाले फक्त हजार रुपये.

जर्मनीच्या लिडल या किराणा साखळीनेही काही वर्षांत सुमारे ५० कोटी युरो घालवून २०१८मध्ये सॅपच्या ईआरपीचा प्रकल्प गुंडाळला. मालाची किंमत खरेदीदराने धरायची सवय त्यांना सोडवेना, असं तेव्हा छापून आलं. निदान नाद सोडला तरी! आमच्याकडे तीच यंत्रणा वर्षानुवर्षं दिखाव्याला ठेवतात.

१ एप्रिल २०२३पासून नियम आहे: कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. त्यावर मला सर्वांत आधी आलेला प्रश्न: ‘जुनं व्हर्जन चालवलं तर?’

शेठ, तुम्हाला मागची तारीख लागणारच असेल, तर लायसन्सचे पैसे वाचवा. शाईपेन आणि लाल बासनाची चोपडी अजून बाजारात मिळते.