बँडवाल्यांचा नाताळ
मीरा-भाईंदरमध्ये नाताळ म्हटला की माझं मन उत्तन-डोंगरीकडच्या बँडवाल्यांकडे धावतं. इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाआधी ‘उंबराचं पाणी’ आणायला विहिरीवर जातात, तेही ब्रास बँड लावून. तासभर फुंकल्यावर ट्रम्पेटवाल्याचे ओठ बधिर होतात, क्लॅरिनेटची रीड आधी तोंडात भिजवून घ्यावी लागते, आणि खारा वारा पितळेवर डाग पाडतो तो वेगळाच. ही विद्या सोपी नाही, ती शिकावी लागते. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांनी मुलांना नोटेशन वाचायला शिकवलं; त्याच मातीतले संगीतकार अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. बँडवाला आपल्याला फक्त वरातीपुरता आठवतो, हे बरं नाही. या नाताळला खुर्च्या मांडून, शांत बसून त्यांना ऐका. आणि बिदागी वेळेवर द्या.