दंड भरला, लायसन्स गेलं. पण दारू सुटली का?

नाकाबंदीत पोलिसांनी मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा वर गेला, केस झाली. पुढं काय होतं ते बहुतेक गावांना माहीत आहे. तारीख पडते, माणूस कोर्टात गुन्हा कबूल करतो, दंड भरतो आणि घरी येतो.

कायदा तसा कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या वेळी १० हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर १५ हजार दंड किंवा २ वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. लायसन्सवर टाच येते ती वेगळी.

पण हे १० हजार भरतो कोण? बऱ्याच घरांत ते दुधाच्या पगारातून नाहीतर कांद्याच्या पट्टीतून जातात. म्हणजे शिक्षा होते बायकोला आणि पोरांना. ज्याच्यामुळे झाली तो संध्याकाळी पुन्हा गाडीला किक मारतो, आता लायसन्सशिवाय.

इथं दोन माणसं वेगळी ओळखायला हवीत. एक जण भाच्याच्या हळदीला दोन पेग घेऊन गाडीवर बसला. त्याला दंडाची भीती पुरते. दुसऱ्याचे सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतात, घेतल्याशिवाय चहाचा कप धरवत नाही. त्याला दंडाची आकडेमोड सुचतच नाही. तो आजारी आहे. हे आम्ही मायेपोटी म्हणत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच दारूच्या गैरवापराशी जोडलेल्या मनोविकारांना मानसिक आजारात धरलं आहे. केंद्र सरकारसाठी 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांमागे फक्त एकाला काही ना काही उपचार मिळाल्याचं दिसलं.

मे २०२४ मधली पुण्याची पोर्शे गाडीची घटना आठवा. अल्पवयीन मुलाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, त्यावर देशभर संताप झाला, आणि तो रास्तच होता. दोन जीव गेले होते. पण त्याच जामिनाच्या अटींत दारू सोडण्यासाठी उपचार घेण्याचीही अट होती. निबंधाच्या गदारोळात तिच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. शिक्षा म्हणून ती अट तोकडीच होती, पण दोषी ठरलेल्या व्यसनी चालकाला शिक्षेसोबत असा उपचार का नको, हा प्रश्न तिथंच विरून गेला.

उपचार म्हणजे नुसतं प्रवचन नाही. औषधं आहेत आणि ती आपल्या देशात मिळतात. नाल्ट्रेक्सोन ही गोळी दारूतून मिळणारी मजा कमी करते, ओढ घटते. अकॅम्प्रोसेट दारू सोडल्यानंतरची तगमग शमवतं. तिसरी जुनी आणि स्वस्त गोळी डायसल्फिराम. ती घेतल्यावर कुणी दारू प्यायला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. या भीतीनं माणूस लांब राहतो. यातलं एकही औषध रामबाण नाही. समुपदेशन आणि घरच्यांची साथ लागतेच. आधी लिव्हर, किडनी तपासावी लागते, म्हणून मेडिकलमधून परस्पर आणायचा हा माल नव्हे.

आता महत्त्वाचं. 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतीवर आणि मोबाईलवर दिसतात. असल्या पुडीत काय असेल ते कोण सांगणार? त्यात डायसल्फिराम असेल आणि माणूस वरून प्याला, तर जिवावर बेतू शकतं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. नवऱ्याच्या भाजीत गुपचूप काही मिसळू नका.

दुसरा धोका उलटा आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होतात, जीवही जाऊ शकतो. कोठडीत टाकलेल्या माणसाच्या बाबतीत हे लक्षात घ्यायलाच हवं.

मग कोर्ट उपचाराला पाठवू शकतं का? गांजा-चरससारख्या अमली पदार्थांच्या लहान गुन्ह्यांत कायद्याचं कलम ३९ थेट तशी सोय देतं. दारूसाठी इतकी सरळ तरतूद नाही. पण १९५८ च्या प्रोबेशन कायद्यात चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडताना, देखरेखीखाली ठेवून, नशेपासून दूर राहण्याची अट घालता येते. प्रोबेशन अधिकारी हे पदही आहे. (अपघातात माणूस दगावला असेल तर चालकाला ही सवलत देऊ नये, असं सुप्रीम कोर्टानं २००० मध्ये बजावलं आहे, आणि ते योग्यच.) अडचण कलमाची कमी, जोडणीची जास्त आहे. कोर्ट, प्रोबेशन अधिकारी आणि जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग यांच्यात कागद फिरला पाहिजे: हा माणूस आला का, गोळी चालू आहे का, तपासणीत काय निघालं.

अमेरिकेत साऊथ डाकोटा राज्यानं २००५ मध्ये अशीच देखरेख सुरू केली. दारू पिऊन गाडी चालवताना वारंवार पकडलेल्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ फुंकून दाखवायचं, चुकलं की लगेच एक-दोन दिवस आत. पुन्हा पकडले जाण्याचं प्रमाण तिथं १२ टक्क्यांनी घटलं. शिक्षा छोटी, पण हमखास. आपल्याकडं नेमकं उलटं आहे. अकोले किंवा जामखेडच्या माणसाला रोज नगरला बोलावणं शक्य नाही हे खरं, पण ग्रामीण रुग्णालयात आठवड्याला हजेरी लावता येईल. सक्ती हजेरीची असावी. औषध कोणतं आणि द्यायचं की नाही, ते डॉक्टरनं पेशंटच्या संमतीनं ठरवावं.

आपल्या जिल्ह्याला दारूविरोधी लढाई नवी नाही. राळेगणसिद्धीत एकेकाळी दारुड्यांना खांबाला बांधून मारलं जायचं, हे जगजाहीर आहे. पुढं महिलांच्या मतदानानं बाटली आडवी करण्याचा नियम आला, अनेक गावांनी तो वापरला. पण गावातलं दुकान बंद झालं म्हणून ज्याला तलफ आहे तो थांबत नाही. तो गाडी काढून हायवेच्या ढाब्यावर जातो आणि पिऊन परत येतो, अंधारात, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या मधून. नगर-मनमाड रस्त्यानं रात्री जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. दुकान बंद करणाऱ्या ग्रामसभेनं उपचाराचाही ठराव घ्यायला हरकत काय?

घरात कुणावर अशी केस असेल तर वकिलाला तारखेआधीच विचारा, प्रोबेशन आणि उपचारासाठी अर्ज देता येईल का. जिल्हा रुग्णालयात दाखवलं असेल तर केसपेपर जपून ठेवा, कोर्टात तो उपयोगी पडतो. फोनवर सल्ला हवा असेल तर सरकारचे दोन मोफत नंबर आहेत: व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६. मराठीतून बोलायचं आहे असं सुरुवातीलाच सांगा.