वाचलेले खतावायचे कुठे?

सोलापुरात पहाटे किती घरांतून किती तऱ्हेची पुस्तके उघडली जातात, याची मोजदाद कुणी केलेली नाही. पंढरपूर याच जिल्ह्यातले, त्यामुळे हरिपाठाचा नेम इथे घरोघरी. कुणाकडे ज्ञानेश्वरीच्या ठरावीक ओव्या होतात, कुणाकडे दासबोधाचा एक समास. सिद्धरामेश्वरांच्या या गावात वचने म्हणणारी घरे आहेत आणि फजरच्या नमाजानंतर कुराण उघडणारीही आहेत. संख्येने थोडी, पण पवित्र शास्त्रातला एक अध्याय वाचल्याशिवाय चुलीवरचा चहा कपात न ओतणारी ख्रिस्ती घरेही आहेत. पुस्तके निराळी, भाषा निराळ्या. पण नेम तोच. आणि त्या नेमाच्या पोटात दडलेला प्रश्नही तोच. पुस्तक मिटून उठल्यावर पुढे काय?

माझा जन्म अशाच एका ख्रिस्ती घरातला. वडील गिरणीत होते. सकाळच्या भोंग्याआधी आम्हा भावंडांना उठवून चटईवर बसवायचे. वडील अध्यायाला सुरुवात करत, मग एकेक वचन एकेकाने वाचायचे. ज्याला अक्षर लागत नसे त्याने ऐकायचे. शेवटी आईची प्रार्थना. तीत शेजारच्या आजारी म्हातारीपासून परीक्षेला बसलेल्या चुलतभावापर्यंत साऱ्यांची नावे यायची. या घरांतून एक जुना हिशेब चालत आला आहे. पवित्र शास्त्राच्या जुन्या व नव्या करारात मिळून सहासष्ट पुस्तके आणि १,१८९ अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच अध्याय वाचले की वर्षाचे १,१९९ होतात. म्हणजे सारे शास्त्र वर्षात पुरे होऊन दहा अध्याय वर उरतात. आजारपण आणि पाहुणे यांच्यासाठी ती सवड! (कॅथलिक शास्त्रात आणखी सात पुस्तके आहेत, त्यांचे गणित थोडे वेगळे.)

पुढे मी बँकेत लागलो आणि आकड्यांतच आयुष्य गेले. माझ्या उमेदवारीच्या काळात खातेवह्या हाताने लिहिल्या जात. दिवसभराचे व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरायचे आणि मग प्रत्येक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायची. याला म्हणतात खतावणी. रोजकीर्द कितीही सुवाच्य असली तरी खतावणी झाली नाही, तर गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ते पैसे भरलेच गेले नाहीत. धर्मग्रंथाच्या रोजच्या वाचनाचे मला नेहमी असेच वाटत आले आहे. वाचन ही रोजकीर्द. ती हवीच, तिच्यावाचून काम सुरूच होत नाही. पण वाचलेले कुणाच्या तरी नावावर चढले पाहिजे. मोलकरणीच्या, भावाच्या, कर्जदाराच्या, शत्रूच्यासुद्धा. संगणक आल्यापासून बँकेतली खतावणी आपोआप होते. माणसाच्या बाबतीत मात्र तशी सोय अजून निघालेली नाही.

मराठीत हे पुस्तक फार मोठ्या कष्टांनी आले. सोळाव्या शतकात गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीचा साज चढवून ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. पुढे बंगालमध्ये सेरामपूरला विल्यम कॅरे यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठी भाषांतराला हात घातला आणि १८११ मध्ये नवा करार निघाला. पण मला सर्वांत जवळचे वाटते ते पंडिता रमाबाईंचे भाषांतर. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागे पडले की केडगाव लागते. तिथल्या मुक्ती सदनात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून, सामान्य बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत, सारे पवित्र शास्त्र नव्याने उतरवले. ज्या स्त्रीला कलकत्त्याच्या विद्वानांनी संस्कृतातील अधिकारासाठी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले, तिने आपले पांडित्य अखेर जेमतेम अक्षरओळख झालेल्या बायकांसाठी राबवले. हे काम बरीच वर्षे चालले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, तोवर ते हातावेगळे होत आले होते. १९२४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या आणि बांधणी करणाऱ्या मुक्तीतल्याच बायका होत्या.

यातला क्रम ध्यानात घ्यावा. रमाबाईंनी आधी भाषांतर केले आणि मग सेवा, असे झालेले नाही. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले ते विधवांसाठी. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना त्यांनी केडगावला आणले. त्या मुलींना अन्न, वस्त्र, अक्षर आणि हाताला धंदा दिल्यावर, त्यांना वाचता यावे म्हणून पुस्तक सोपे केले. त्यांच्याकडे खतावणी आधी झाली होती आणि रोजकीर्द मागाहून स्वच्छ लिहिली गेली, असे म्हटले तरी चालेल.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने टिळक भारले गेले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण मला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंचे उदाहरण अधिक शिकवून जाते. नवऱ्याचे पुस्तक हे त्यांचे पुस्तक नव्हते. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाईने काही वर्षे वेगळेपणाचे दुःख सोसले आणि स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळी निर्णय घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना दिसते की त्यांचा विश्वास आधी पाण्याच्या घड्यापाशी, ताटापाशी, शिवाशिवीपाशी बदलला. कुणाच्या हातचे पाणी प्यायचे हा प्रश्न सुटला, तेव्हा त्यांच्या श्रद्धेला पाय फुटले. पुस्तक स्वयंपाकघरात शिरले की नाही, यावरून मी माणसाचे वाचन ओळखतो ते तेव्हापासून.

जमेची नोंद सांगितली, तशी नावेची बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या सोलापुरात सेटलमेंट नावाचा भाग आहे. १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला आणि त्यांना पुढे तारेच्या कुंपणात, हजेरी देत राहावे लागले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. मधल्या काळात सरकारने इथल्या वसाहतीची व्यवस्था काही वर्षे अमेरिकन मराठी मिशनकडे सोपवली होती. त्या माणसांनी तिथे शाळा चालवल्या, हे खरे. ती मंडळी मनाने वाईट नव्हती. रोज पवित्र शास्त्र वाचत असणार, यातही शंका नाही. पण ज्या पुस्तकात प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला आहे असे पहिल्याच अध्यायात सांगितले आहे, ते वाचून उठून कुंपणाच्या आत हजेरी घेता येते, ही गोष्ट मला विसरता येत नाही. याच अमेरिकन व स्कॉटिश मिशनरी परंपरेतून मुलींच्या शाळा निघाल्या, प्रेस्बिटेरियन डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उभे केले आणि लाखो लोकांचे दुखणे हलके झाले. दोन्ही नोंदी एकाच वहीत आहेत.

आणि आजचे काय? लग्न जमवताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न आमच्या मंडळींमध्येही हळू आवाजात विचारला जातो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्या दलितांना मिळत नाहीत, कारण ख्रिस्ती धर्मात जात नाही असे धरलेले आहे. त्या तर्काविरुद्ध आमचे लोक मोर्चे काढतात, आणि ते योग्यच आहे. पण सोयरीक ठरवताना जात विचारायची आणि भक्तीला बसताना ती नाही म्हणायची, हे दोन्ही एका तोंडाने कसे शोभावे? याकोबाच्या पत्रात एक प्रसंग आहे. सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत आला की त्याला चांगली जागा मिळते आणि मळक्या कपड्यांतल्याला पायाशी बसवले जाते. हे पत्र जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे, पण बाकांची रचना अजून फारशी बदललेली नाही.

माझ्या धंद्यापुरते सांगायचे तर मला ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातला चोविसावा अध्याय वारंवार उपयोगी पडला. त्यात सावकारासाठी नियम आहेत. जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण ते माणसाचे पोटच गहाण घेण्यासारखे आहे. गहाणवस्तू आणायला कर्जदाराच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, त्याने ती स्वतः आणून द्यावी. गरिबाचे पांघरूण गहाण असेल तर सूर्यास्तापूर्वी परत करावे. वसुलीचे काम केलेल्या माणसाला यातला शब्द न् शब्द कळतो. आणि गंमत अशी की आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलमही कारागिराची हत्यारे, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण जप्तीतून वगळते. कायदा आणि शास्त्र इथे एका उंबऱ्याबाहेर उभे आहेत.

बँकेचे नियम मोडावेत असे मी कधीही म्हटले नाही. ते पैसे लोकांचे असतात. पण नियमाच्या आतही पुष्कळ जागा असते. विडी वळणाऱ्या बाईचे सोने लिलावात जायची वेळ आली की तिला पोचपावतीची नोटीस जाते. ती तिला वाचता येत नाही. कायद्याचे काम तिथे संपते. अशा वेळी शिपायाकरवी निरोप धाडणे, तिला समोर बसवून व्याज किती, तारीख कोणती, निदान किती भरले तर दागिना वाचेल, हे तिच्या भाषेत सांगणे, याला पाच मिनिटे लागतात. कारखानदाराच्या घरी थकबाकीसाठी जाताना शेजाऱ्यांसमोर आवाज न चढवणे, याला तेवढाही वेळ लागत नाही. सकाळच्या अध्यायाची खतावणी ही अशी आणि एवढीच असते. तिच्यात पराक्रम काही नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. धर्म म्हणजे काय नुसते सत्कृत्यांचे जमाखर्च? मग देवाची कृपा कशाला? याचे उत्तर मला येशूच्याच एका दाखल्यात सापडते, आणि तोही कर्जाचाच दाखला आहे. राजाने एका चाकराचे दहा हजार तालांतांचे कर्ज माफ केले. तोच चाकर बाहेर पडून शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. एक दिनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. हिशेब करून पाहा. माफ झाले ते सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे कर्ज. धरला तो गळा शंभर दिवसांच्या मजुरीसाठी. दाखला सांगणाऱ्याला आकड्यांचे भान उत्तम होते! म्हणजे आपण चांगुलपणा भरून देवाकडे शिल्लक वाढवत नसतो. आपले खाते उघडते तेच कर्ज माफ झालेले. ज्याला हे खरोखर पटले, त्याच्या हातून शंभर दिनार सुटायला वेळ लागत नाही. आणि जर सुटत नसतील, तर त्याने अध्याय कितीही वाचलेले असोत, माफीचा कागद त्याने अजून उघडून पाहिलेला नाही.

यात एक नवी अडचण उभी राहते आहे. आमची नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. ‘उत्पत्ती’ आणि ‘निर्गम’ हे शब्द त्यांना परके झाले. त्यांना वचने मोबाइलवर इंग्रजीत येतात, एकेकटी, एकांतात. वाचन टिकले, पण चटई गेली. घरातल्या आजीने ऐकलेले वचन आणि नातवाने वाचलेले वचन यांची भेटच होत नाही. ही हानी फक्त ख्रिस्ती घरांची नाही. हरिपाठाचीही हीच गत आहे. अशा काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीला दिले, त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि २०२० च्या जानेवारीत आपल्या शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले. वसईच्या हिरवाईसाठी उभा राहिलेला हा धर्मगुरू घरातली मराठी सोपी करून ठेवून गेला आहे. ती वापरायची की नाही, हे आता घरांनी ठरवायचे.

म्हणून मी तरुण कुटुंबांना, मग त्यांचा ग्रंथ कोणताही असो, तीनच गोष्टी सुचवतो. थोडे वाचा, अध्यायांची संख्या गाठायचा हट्ट धरू नका. घरच्या भाषेत, मोठ्याने, सर्वांनी मिळून वाचा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारी बसवा. घरी काम करणारी बाई त्या वेळी आलेली असेल तर तिलाही बसायला सांगा, आणि तिचा महिना भरला असेल तर पगार त्याच दिवशी द्या; मजुरी अडकवू नये, असे तोच चोविसावा अध्याय बजावतो. तिसरे म्हणजे, रात्री दिवा घालवण्यापूर्वी एकमेकांना विचारा की सकाळी जे वाचले ते आज कुणाच्या नावावर चढले. नाव सांगता आले तर उत्तम. नाही आले तर दुसऱ्या दिवशी पुढचा अध्याय घेऊ नका. तोच पुन्हा वाचा.