संगणकाच्या खिडकीतून : काम कुठे अडतंय?

मागच्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं होतं. नववीच्या मुलांनी एक झकास प्रश्नमंजूषा तयार केली होती. संगणक कक्षात ३० संगणक. प्रत्येकाने पाच मिनिटं बसायचं, उत्तरं द्यायची आणि शेवटी पडद्यावर स्वतःचं नाव, फोटो आणि गुण असलेलं रंगीत प्रशस्तिपत्रक मिळवायचं. यासाठी मुलांनी क्लाउडवरचा एक छोटा, स्वस्त सर्व्हर भाड्याने घेतला होता. मदतनीस मी. तेव्हा पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे, बरं का!

सकाळी आठला सर्व्हर सुरू केला. दहाला दारं उघडली. पहिला पाऊण तास सगळं सुरळीत. आणि पावणेअकराच्या सुमाराला अचानक सगळं थंडावलं. दहा सेकंदांत उमटणारं प्रशस्तिपत्रक यायला जवळजवळ पावणेदोन मिनिटं लागू लागली. रांग दाराबाहेर गेली. पाचवीतली एक मुलगी आजोबांचा हात धरून उभी होती. "येईल हं आत्ता," असं ती त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होती. शेवटी आजोबांच्या बसची वेळ झाली आणि ती दोघं तशीच निघून गेली.

आता सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, "नेट स्लो आहे." कुणी म्हणालं, "राउटर बदला." आणि बहुतेकांचं म्हणणं पडलं, "मोठ्यातला मोठा सर्व्हर घ्यायला हवा होता!"

तुम्हाला काय वाटतं? घाई करू नका. आधी हे क्लाउड प्रकरण नीट बघू या.

क्लाउड म्हणजे ढग. पण हे संगणक काही आभाळात नसतात. मोठमोठ्या इमारतींत, थंड हवेत, रांगेने मांडलेले असतात. आपल्याकडे पुण्यात मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणि मुंबईत ॲमेझॉनने २०१६ मध्ये अशी केंद्रं सुरू केली. तिथला एकेक संगणक इतका ताकदवान असतो, की जुन्या वाड्यात जशी अनेक बिऱ्हाडं राहत, तसे त्याचे भाग पाडून ते वेगवेगळ्या लोकांना भाड्याने देता येतात. प्रत्येकाला वाटतं, आपल्याकडे स्वतंत्र संगणक आहे. या भाड्याच्या भागालाच आपण इथे सर्व्हर म्हणतो आहोत.

२००६ च्या ऑगस्टमध्ये ॲमेझॉनने असे सर्व्हर तासावर द्यायला सुरुवात केली, तेव्हा निवडीची कटकटच नव्हती. एकच प्रकार होता : पावणेदोन जीबी मेमरी, १६० जीबी डिस्क आणि भाडं तासाला १० सेंट. आज त्यांच्याच यादीत शेकडो प्रकार आहेत. यादी बघूनच डोकं गरगरतं! पण घाबरायचं कारण नाही. जरा स्वयंपाकघरात चला.

स्वयंपाक करणारे हात म्हणजे प्रोसेसर. ओटा म्हणजे मेमरी. ज्यावर काम चालू आहे ते सगळं ओट्यावर मांडलेलं असतं. आणि धान्याची कोठी म्हणजे डिस्क. आता सांगा, सगळ्या कामांना या तिन्ही गोष्टी सारख्याच लागतात का? कणीक मळायला दमदार हात हवेत, ओटा थोडा पुरतो. पंचवीस पानं वाढायची असतील तर ओटा ऐसपैस हवा. वर्षाचं धान्य भरायचं असेल तर कोठी मोठी हवी. सर्व्हरचंही अगदी तसंच आहे.

ॲमेझॉनच्या यादीतली तीन नावं घेऊ : सी-५ लार्ज, एम-५ लार्ज आणि आर-५ लार्ज. अक्षर म्हणजे जात, आकडा म्हणजे पिढी आणि शेवटचा शब्द म्हणजे आकार. तिघांकडेही हात दोनच, म्हणजे दोन आभासी प्रोसेसर. फरक ओट्यात आहे. सी कडे ४ जीबी मेमरी, एम कडे ८ आणि आर कडे १६.

सी जात हातांच्या कामासाठी. कार्टूनपटाचंच बघा. सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे एका मिनिटाला १,४४०! प्रत्येक चित्रातला उजेड, सावल्या, रंग यांचं गणित करायचं, म्हणजे हातांना क्षणाची उसंत नाही. आर जात ओट्याच्या कामासाठी. खूप मोठी माहिती सतत समोर मांडून ठेवायची आणि विचारल्याबरोबर त्यातलं हवं ते द्यायचं असेल तर ही बरी. एम जात मधली, दोन्ही बेताचं. काम कसं आहे याचा अंदाज नसेल तेव्हा इथूनच सुरुवात करावी.

कोठीवाली जातही आहे, तिचं अक्षर आय. तिच्या आतच वेगवान डिस्क असतात. मात्र एक सावधगिरी : तो सर्व्हर बंद केला की या आतल्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. तेव्हा जपून ठेवायचं ते दुसरीकडे ठेवायचंच.

आणखी एक प्रकार तुम्हाला नक्की आवडेल. उन्हाळ्यात पापड करायचे असले की आई शेजारच्या काकूंना हाक मारते. दहा-बाराजणी बसतात आणि सगळ्या एकच काम करतात : लाटी घ्यायची, पापड लाटायचा. जीपीयू नावाची चकती अशीच असते. तिच्यात हजारो छोटे छोटे हात असतात आणि ते एकाच वेळी एकाच तऱ्हेचं गणित करतात. मुळात ती संगणकावरच्या चित्रांसाठी, खेळांसाठी बनली. आता कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्याचं काम तिच्यावर चालतं, कारण तिथेही तसलीच अगणित गणितं असतात. पण काम पापडासारखं नसेल तर हे हजारो हात नुसते बसून राहतात आणि महागडं भाडं मात्र चालूच!

आता आपल्या प्रदर्शनाकडे वळू. मुलांनी घेतला होता तो सर्व्हर टाकीवाल्या जातीचा होता. म्हणजे काय? तुमच्या गच्चीवरची टाकी आठवा. नळाची धार बारीक. पण रात्रभर टाकी भरते आणि सकाळी सगळ्यांना भरपूर पाणी मिळतं. तसं या सर्व्हरला दर तासाला थोडे 'क्रेडिट' मिळतात. काम नसलं की ते साठतात, काम आलं की खर्च होतात. एक क्रेडिट म्हणजे एका प्रोसेसरचं एक मिनिट पूर्ण ताकदीने काम.

उदाहरण म्हणून २०१४ मध्ये आलेल्या टी-२ मायक्रो या छोट्या सर्व्हरचा हिशोब करू. वही-पेन्सिल घ्या! सुरुवातीला ३० क्रेडिट मिळत. पुढे दर तासाला ६. सकाळी आठ ते दहा जवळजवळ काहीच काम नाही, म्हणजे ३० अधिक १२, एकूण ४२. दहाला गर्दी सुरू झाली. पूर्ण ताकदीने काम म्हणजे तासाला ६० क्रेडिट खर्च आणि ६ जमा. टाकीतून तासाला ५४ गेले. मग ४२ क्रेडिट किती वेळ पुरतील? सुमारे ४७ मिनिटं! त्यानंतर टाकी कोरडी, उरली फक्त नळाची धार, म्हणजे ताकदीचा दहावा हिस्सा. दहा सेकंदांच्या कामाला १०० सेकंद. पावणेअकराला काय झालं ते आता कळलं ना?

संध्याकाळी आम्ही सर्व्हरचा आलेख काढून पाहिला. ओटा अर्धासुद्धा भरलेला नव्हता. नेटही ठीक होतं. अडले होते ते हात, आणि तेही एकाच कामापायी : प्रशस्तिपत्रकाचं चित्र तयार करणं. आम्ही घाबरून ओट्याची मोठी, महाग आर जात घेतली असती तर? जादा पैसे ज्या मेमरीसाठी मोजले असते, ती तशीच रिकामी पडून राहिली असती.

यंदा मुलांनी आधी तालीम केली. दहाजणांना बसवलं, आलेख पाहिला आणि कामाचे दोन भाग केले. प्रश्न दाखवणं, गुण मोजणं हे हलकं काम. पण ते लगेच व्हायला हवं. प्रशस्तिपत्रक हे जड काम; पण ते संध्याकाळी झालं तरी चालतं. हलक्या कामाला तोच टाकीवाला छोटा सर्व्हर पुरला! जड कामासाठी संध्याकाळी सी जातीचा एक सर्व्हर घेतला. ३५० प्रशस्तिपत्रकं, प्रत्येकी १० सेकंद, हात दोन. अर्ध्या तासात काम फत्ते. लगेच तो सर्व्हर बंदही केला. हे विसरायचं नाही हं! काम संपलं तरी सर्व्हर चालू राहिला की भाड्याचं मीटर पळतच राहतं.

गेल्या वर्षीची ती मुलगी यंदा सहावीत आहे. ती पुन्हा आली होती, आजोबांना घेऊन. दोघंही वेळेवर बसला गेले आणि रात्री तिचं प्रशस्तिपत्रक ई-मेलने घरी पोहोचलं.

जाता जाता आणखी एक गंमत. कंपनीकडे रिकामे पडलेले सर्व्हर खूप स्वस्तात मिळतात. ॲमेझॉनने ही सोय २००९ मध्ये सुरू केली, तिला स्पॉट म्हणतात. अट एकच : कंपनीला गरज पडली की दोन मिनिटांची सूचना देऊन ती सर्व्हर काढून घेते. तेव्हा मध्येच थांबलं तरी चालेल, अशाच कामाला तो घ्यावा.

आता तुमची पाळी. कोणता सर्व्हर घ्याल?

१) शाळेच्या १ लाख जुन्या फोटोंचा आकार लहान करायचा आहे. आठवडाभरात केव्हाही झालं तरी चालेल.
२) गावच्या वाचनालयाची वेबसाइट. दिवसभरात वीस-पंचवीसजण बघतात.
३) एक शब्दकोश, माहिती १२ जीबी. सगळी मेमरीतच हवी, म्हणजे शब्द क्षणात सापडेल. हात दोन पुरेत.

आधी विचार करा, मगच खाली बघा!

उत्तरं : १) सी जात, तीही स्पॉटवर, मध्येच थांबलं तर उरलेले फोटो नंतर करता येतात. २) टाकीवाला छोटा सर्व्हर, टाकी भरायला भरपूर वेळ मिळतो. ३) आर-५ लार्ज, ४ आणि ८ जीबीत १२ मावतील कसे?

तिन्ही बरोबर आली? शाब्बास! एखादं चुकलं असेल तर पुन्हा एकदा स्वतःला विचारा : काम कुठे अडतंय? हातात, ओट्यावर की कोठीत? उत्तर तिथेच सापडेल.

भेटू या पुढच्या आठवड्यात!